पिल्लाची शिस्त आणि घराचे वेळापत्रक

सातारा शहराजवळ, कृष्णा आणि वेण्णा या नद्यांच्या संगमावरील माहुली येथे, राजघराण्यातील व्यक्तींच्या समाध्यांच्या सान्निध्यात एका कुत्र्याचीही समाधी आहे. थोरल्या शाहू महाराजांचा हा खंड्या. शिकारीच्या प्रसंगी त्याने वाघापासून महाराजांचे प्राण वाचविले आणि कृतज्ञ धन्याने त्याला जहागीर व पालखीचा मान दिला, अशी हकीकत ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदविली आहे. पालखीचा सरंजाम दरबाराने सांभाळला. खंड्याच्या मागून झाडू घेऊन फिरणाऱ्याचे नाव मात्र इतिहासात येत नसते.

घरोघरीच्या कुत्र्यांना हा मान अर्थातच कधी लाभला नाही. कृष्णेच्याच काठी सांगली जिल्ह्यात औदुंबर हे दत्ताचे क्षेत्र आहे. दत्तमूर्तीच्या पायाशी चार श्वान असतात. तसबिरीतून ते देवघरापर्यंत पोहोचले, पण प्रत्यक्ष कुत्र्याची मर्यादा उंबरठ्याशी संपली. वैश्वदेवातील त्याचा वाटासुद्धा बाहेरच ठेवला जाई. साताऱ्यातील पेठांमधले वाडे असोत की सांगलीच्या गावभागातील जुनी घरे असोत, कुत्रे राहिले ते अंगणात, पडवीत किंवा परसात. जत, आटपाडी, माण, खटाव या कोरड्या मुलखात मेंढपाळाचे कुत्रे आजही वाघुरापाशी झोपते. अशा कुत्र्याला मलमूत्राची शिस्त लावण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण त्याला घर असे नव्हतेच.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत हे चित्र पालटले. वाडे पडले, त्यांच्या जागी तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या, अंगणाची गॅलरी झाली. आणि नेमक्या याच काळात कुत्रे उंबरठा ओलांडून आत आले. मुलाच्या वाढदिवसाला किंवा परीक्षेतील यशाबद्दल बक्षीस म्हणून लॅब्रॅडॉरचे वा पामेरियनचे पिल्लू आणले जाते. पहिल्या दिवशी सारे घर त्याच्याभोवती जमते. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील कार्यालयात, मुले शाळेत, आणि फरशी पुसण्याचे फडके गृहिणीच्या हाती! ज्या घरात सोवळे-ओवळे पाळणारी आजी आहे, तेथे तर आठवड्याच्या आत प्रकरण निर्णायक वळणावर येते. पिल्लू आणण्याचा निर्णय ज्याने घेतला आणि त्याचा भार ज्याच्यावर पडला, ती माणसे बहुधा वेगळी असतात. पिल्लाविषयीच्या पुष्कळशा कुरबुरींचे मूळ येथे आहे.

वास्तविक स्वच्छतेची ओढ कुत्र्याच्या जातीला उपजतच असते. जन्मल्यानंतर साधारण तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून मलमूत्र विसर्जनही करता येत नाही; आई चाटून ती क्रिया घडवून आणते आणि जागाही तीच स्वच्छ ठेवते. पायांत बळ येताच पिल्लू झोपण्याच्या जागेपासून दूर जाऊन विधी उरकू लागते. दोन महिन्यांच्या सुमारास पायाखाली माती आहे, गवत आहे की गुळगुळीत फरशी, यावरून जागेची आवडनिवड पक्की होऊ लागते. म्हणजे घरी आलेले पिल्लू अडाणी नसते. आपले निजण्याचे ठिकाण घाण करू नये, हे त्याला ठाऊक असते. दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि देवघर हे सारे मिळून एकच घर आहे, एवढे त्याला ठाऊक नसते. दोन-तीन खोल्यांच्या सदनिकेतील दूरचा कोपरा हा त्याच्या दृष्टीने रानच होय.

दुसरी अडचण शरीराची. पिल्लाचे वय जितक्या महिन्यांचे, साधारण तितके तास ते लघवी रोखू शकते, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन तास, फार तर तीन. त्यातही झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यानंतर थोड्याच वेळात आणि खेळून दमल्यावर त्याला बाहेर न्यावेच लागते. आता दहाच्या ठोक्याला कचेरी गाठणारा कारकून आणि अकराच्या शाळेला निघणारी शिक्षिका, अशा दांपत्याच्या घरात हे पिल्लू सहा-सात तास कोंडले गेले, तर संध्याकाळी दार उघडताच जे दृश्य दिसेल त्याचा दोष कोणाला द्यायचा? पिल्लाला शिस्त लावणे म्हणजे व्यवहारात घराला वेळापत्रक लावणे होय. ठरलेल्या वेळी खाणे, ठरलेल्या वेळी एकाच जागी नेणे आणि पहिले काही आठवडे रात्रीही एकदा उठून जिना उतरणे, याला पर्याय नाही. ही शिस्त अंगवळणी पडण्यास चार ते सहा महिने लागतात. काही पिल्लांना त्याहूनही अधिक.

पण घरोघरी उपाय योजला जातो तो वेगळाच. घाण झालेल्या जागी पिल्लाचे नाक घासायचे आणि वर वर्तमानपत्राच्या सुरळीचा फटका द्यायचा! आश्चर्य असे की, या बाबतीत शिक्षकाचे घरही अपवाद नसते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने वर्गातील छडी हद्दपार केली. ती घरी येऊन पिल्लावर उगारली गेली. अध्यापक अभ्यासक्रमात पाव्हलॉव्हचा प्रयोग आणि अभिसंधानाची उपपत्ती यांवर टिपा लिहून उत्तीर्ण झालेल्या मंडळींना तरी हे ठाऊक असायला हवे की, कृती आणि तिचे फळ यांत फार अंतर पडले तर प्राण्याच्या मनात त्यांची सांगड बसत नाही. योग्य जागी विधी उरकताच त्याच क्षणी मिळालेला भाकरीचा तुकडा किंवा पाठीवरची थाप पिल्लाला कळते. तासाभराने बसलेला फटका कळत नाही. त्यातून ते एवढेच शिकते की, माणसासमोर हा विधी करणे धोक्याचे आहे. मग ते पलंगाखाली किंवा दाराआड जाऊन करू लागते, आणि घरातील मंडळी त्याला लबाड ठरवितात.

‘त्याला आपली चूक समजते, तोंडावरून दिसते की,’ असे यावर सांगितले जाते. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयातील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या समजुतीची परीक्षा घेतली. अपराध केलेला असो वा नसो, धनी रागावला की कुत्र्याच्या चेहऱ्यावर तो तथाकथित अपराधी भाव उमटतो, असे त्यांना आढळले. खाली घातलेली मान आणि पायांत दडवलेले शेपूट ही पश्चात्तापाची खूण नसून समोरच्या माणसाच्या रागाला दिलेले उत्तर असते. वर्गात प्रश्न न समजता नुसतीच मान खाली घालणारा विद्यार्थी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचे नवल वाटू नये.

वर्तमानपत्राचा खरा उपयोग अंथरण्यापुरता आहे, आणि विद्वत्तापूर्ण अग्रलेखांनाही ही गती चुकलेली नाही. मात्र त्यातही एक धोका संभवतो. कागदावर बसण्याची सवय जडलेल्या पिल्लाला रद्दी आणि उत्तरपत्रिका यांतील भेद कळत नाही. परीक्षेच्या दिवसांत सतरंजीवर गठ्ठे पसरून बसणाऱ्या परीक्षकाने हे ध्यानी ठेवलेले बरे. घाण झालेली जागा पुसतानाही विचार हवा. अमोनियायुक्त द्रावणाने पुसल्यास त्याचा वास पिल्लाच्या नाकाला मूत्रासारखाच वाटण्याचा संभव असतो, आणि ते पुन्हा तेथेच येते. आधी साबणाच्या पाण्याने पुसून मग पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरचा हात फिरवणे हा त्यातल्या त्यात स्वस्त उपाय.

अधिक गंभीर पेच आहे तो लसीकरणाचा. पार्व्हो या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. सहा-आठ आठवड्यांच्या वयापासून चौथ्या महिन्यापर्यंत टप्प्याटप्प्याने लसी पूर्ण होईतो पिल्लाला भटक्या कुत्र्यांच्या वावरातील रस्त्यावर सोडणे धोक्याचे. आणि शिस्त लावण्याचे तर हेच वय! अशा वेळी इमारतीची गच्ची किंवा गॅलरीत मातीने भरलेली पसरट पाटी उपयोगी पडते. याची माहिती पिल्लू विकणारा देईलच असे नाही. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, गावोगावी पशुवैद्यक आहेत; पिल्लू घेण्यापूर्वी त्यांच्याशी दहा मिनिटे बोलण्याचे कष्ट मात्र थोडेच घेतात.

मग एखाद्या रविवारी निर्णय होतो. सहा-सात महिन्यांचे, आकाराने वाढलेले आणि शिस्त न लागलेले ते जनावर गाडीत घालून महामार्गावरील एखाद्या ढाब्याजवळ सोडले जाते. मुलाला सांगितले जाते की, त्याला शेतावर पाठविले. जन्मापासून वाटीतले अन्न खाल्लेले, रस्त्यावरच्या टोळीची रीत न जाणणारे हे कुत्रे तेथे फार दिवस काढण्याची शक्यता कमी असते. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्यास लिहिलेला दंड दहा ते पन्नास रुपये! पिल्लाच्या गळ्यातील पट्टाही याहून महाग असतो.

शाळा उघडण्याच्या सुमारास, जूनमध्ये पिल्लू आणणाऱ्यांची आणखी एक परीक्षा पावसाळा घेतो. सातारला पाऊस सांगलीपेक्षा अधिक. ओल्या गवतावर पाय ठेवायला पिल्लू कुरकुरते, छत्री सावरीत उभा असलेला माणूस कंटाळून त्याला परत वर आणतो, आणि कोरड्या फरशीवर येताच ते निवांतपणे आपला कार्यभाग साधते. आडोशाची एक जागा आधीच हेरून रोज तेथेच नेले, पाच-दहा मिनिटे न बोलता थांबले, तर दिवाळीपर्यंत एखाद्या सकाळी पिल्लू आपणहून दारापाशी जाते, कडीकडे पाहते आणि मागे वळून बघते. त्या वेळी चहाचा पेला खाली ठेवून चपला कोणी पायांत घालायच्या, यावर घरात पुन्हा चर्चा सुरू झाली, तर मात्र फडके शोधावे लागते.