प्रथिनांची साक्ष : जठराचा कर्करोग आणि रुग्णाचे भवितव्य

जठराच्या कर्करोगाचे निदान झाले की रुग्णाचे आप्त डॉक्टरांना प्रथम विचारतात ते हेच, की रोग कितपत आटोक्यात येईल? वर्षानुवर्षे या प्रश्नाचे उत्तर रोगाच्या अवस्थेवरून दिले जात आले आहे. गाठ जठराच्या भिंतीत किती खोल गेली, लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचली का, यकृतासारख्या दूरच्या अवयवांत पसरली का, हे त्यासाठी पाहिले जाते. हा पाया आजही कायम आहे. मात्र एकाच अवस्थेतील दोन रुग्णांची वाटचाल पुष्कळदा भिन्न होते. तिचा उलगडा करण्यासाठी वैद्यकशास्त्र आता कर्कपेशींतील प्रथिनांची साक्ष काढते. अशा प्रथिनांना ‘जैवसूचक’ म्हणतात.

रक्तातील सूचक

काही प्रथिने गाठीतून रक्तात उतरतात. १९६५ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियल येथे फिल गोल्ड व सॅम्युएल फ्रीडमन यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगात शोधलेले ‘सीईए’ हे त्यांपैकी एक. जठराच्या कर्करोगातही ते वाढू शकते. शस्त्रक्रियेनंतर खाली आलेले प्रमाण पुन्हा चढू लागले, तर रोग उलटल्याची शंका घेतली जाते. परंतु धूम्रपान करणाऱ्या निरोगी व्यक्तीतही सीईए वाढलेले आढळते. उलट रोगाच्या प्रारंभी ते बहुधा मर्यादेतच असते. म्हणून या एका आकड्यावरून कर्करोग आहे वा नाही, असा निर्वाळा देता येत नाही.

अशुभ खूण ठरली उपचाराची वाट

पेशीच्या पृष्ठभागावर ‘हर-टू’ नावाचे प्रथिन असते. ते पेशीला वाढीचा संदेश देते. ते अतिरिक्त असलेल्या स्तनकर्करोगात रोग अधिक आक्रमक असतो, असे अमेरिकेतील डेनिस स्लॅमन व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवले. पुढे याच प्रथिनाला चिकटून त्याचे कार्य रोखणारे ‘ट्रास्टुझुमॅब’ हे औषध तयार झाले व १९९८ मध्ये अमेरिकेत स्तनकर्करोगासाठी मान्य झाले.

जठराच्या कर्करोगात त्याचा उपयोग होतो का, हे २४ देशांतील रुग्णांवर तपासण्यात आले. निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्या गाठींपैकी सुमारे २२ टक्के गाठींमध्ये हर-टू वाढलेले होते. अशा, रोग बळावलेल्या रुग्णांना केवळ केमोथेरपी दिली असता मध्यक आयुर्मान ११.१ महिने होते. सोबत ट्रास्टुझुमॅब दिल्यावर ते १३.८ महिने झाले. प्रथिनाचे प्रमाण विशेष अधिक असलेल्या गटात ही वाढ ११.८ वरून १६ महिन्यांपर्यंत होती. मध्यक म्हणजे मधला आकडा. निम्मे रुग्ण त्याहून अधिक काळ जगतात. तो एका माणसाच्या आयुष्याची मुदत ठरवीत नाही.

ही तपासणी दुर्बिणीद्वारे काढलेल्या तुकड्यावर होते. रंगद्रव्य जोडलेली प्रतिपिंडे वापरून शून्य ते तीन अशी श्रेणी दिली जाते. श्रेणी दोन आल्यास जनुकाची तपासणी करून खात्री केली जाते. जठराच्या गाठीत हे प्रथिन सर्वत्र सारखे पसरलेले नसते. त्यामुळे अनेक ठिकाणांहून तुकडे घेणे आवश्यक ठरते.

अन्य साक्षीदार

काही वेळा प्रथिनाचा अभावच बोलका असतो. जनुकीय चुका दुरुस्त करणारी प्रथिने पेशीत नसतील, तर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे भवितव्य सामान्यतः अधिक आशादायक असते. ‘पीडी-एल१’ या प्रथिनावरून प्रतिकारशक्तीला चालना देणाऱ्या औषधांचा लाभ कितपत होईल, याचा अंदाज बांधला जातो. ‘क्लॉडिन १८.२’ या प्रथिनावर बेतलेल्या ‘झोल्बेटुक्सिमॅब’ या औषधाला २०२४ मध्ये जपान व अमेरिकेत मान्यता मिळाली.

वेळीच सावध

कोणतेही प्रथिन वेळेवर झालेल्या निदानाची जागा घेऊ शकत नाही. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये कर्करोगकारक ठरवले. औषधांनी त्याचा नायनाट करता येतो. तंबाखू आणि अतिखारट पदार्थ वर्ज्य करणे आपल्याच हाती आहे. दीर्घकाळचे अपचन, थोडे खाताच पोट भरणे, अकारण घटणारे वजन, काळसर शौच यांपैकी काहीही आढळल्यास केवळ आम्लपित्ताच्या गोळ्यांवर दिवस न काढता तज्ज्ञांना भेटावे. निदान झालेच, तर ‘किती दिवस?’ या प्रश्नाबरोबर ‘कोणत्या प्रथिनांची तपासणी झाली?’ हेही आप्तांनी अवश्य विचारावे. उपचारांची दिशा पुष्कळदा त्याच उत्तरातून ठरते.