एचडी टीव्ही घेतला, तरी चित्र धूसरच? आधी टीव्हीमागची वायर बघा

कोराडी (ता. कामठी) : "एवढे पैसे टाकून मोठा टीव्ही आणला, तरी चित्र काऊन असं दिसते?" नवा टीव्ही आला की घरोघरी हा प्रश्न निघतोच. मग कोणी कंपनीला नावं ठेवतं, कोणी केबलवाल्याला. पण बरेचदा टीव्ही चांगला असतो आणि केबलही ठीक असते. चूक असते ती जोडणीत आणि सेटिंगमध्ये. एचडी वाहिन्यांचे जादा पैसे दरमहा भरणाऱ्यांनी तर हे एकदा तपासायलाच हवं, नाहीतर पैसे एचडीचे आणि चित्र साधं, असा प्रकार वर्षानुवर्षं चालू राहतो.

साधं आणि एचडी, फरक किती?

केबलचा डबा, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, सक्तीचा झाला तो डिजिटल केबलमुळे. नागपूर शहरासाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत होती, तर ग्रामीण भागासाठी शेवटची मुदत ३१ मार्च २०१७ होती. मात्र डिजिटल म्हणजे एचडी नव्हे. साध्या वाहिनीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपके. फुल एचडी चित्र १९२० बाय १०८० चं, म्हणजे २० लाख ७३ हजारांहून जास्त. फरक बरोबर पाचपट. साधं चित्र ४३ इंची पडद्यावर ताणलं की ते पसरट आणि धूसर दिसणारच.

आधी या तीन गोष्टी तपासा

१. डबा : डब्यावर 'एचडी' लिहिलंय का आणि मागे एचडीएमआयचं चपटं छिद्र आहे का, ते पाहा. नसेल तर डबा साधा आहे. टीव्ही कितीही महाग असला तरी त्यावर एचडी दिसणार नाही.

२. वायर : सगळ्यात जास्त चूक इथेच होते. डबा एचडी असतो, पण जोडलेला असतो पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या जुन्या वायरने. पिवळ्या पिनेतून एचडी चित्र जातच नाही. डबा आणि टीव्ही दोन्ही बंद करून एचडीएमआय वायर लावा. आवाजही त्यातूनच येतो, त्यामुळे जुन्या तिन्ही पिना काढून टाका. मग टीव्हीच्या रिमोटवर 'सोर्स' किंवा 'इनपुट' दाबून तोच एचडीएमआय नंबर निवडा.

३. वाहिनीचा नंबर : एकाच वाहिनीचे साधा आणि एचडी असे दोन वेगळे नंबर असतात. सवयीने जुनाच नंबर दाबला जातो. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांच्या एचडी वाहिन्या आहेत. तुमच्या पॅकमध्ये असतील तर त्यांचे नंबर लिहून ठेवा.

डब्याचं सेटिंग

डब्याच्या रिमोटवरून मेन्यूत जा. 'व्हिडिओ' किंवा 'डिस्प्ले'मध्ये रिझोल्यूशन १०८०आय आणि पडद्याचा आकार १६:९ ठेवा. माणसं जाडी किंवा बुटकी दिसत असतील तर कारण हा आकारच असतो. बातम्यांची खालची पट्टी कापली जात असेल, तर टीव्हीच्या मेन्यूत 'पिक्चर साइज'मध्ये 'जस्ट स्कॅन', 'फुल पिक्सेल' किंवा 'फिट टू स्क्रीन' असा पर्याय शोधा. कंपनीप्रमाणे नाव बदलतं.

आता टीव्हीचं चित्र

बदल करण्याआधी सध्याच्या सेटिंगचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बिघडलंच तर परत येता येईल.

• पिक्चर मोड : 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' दुकानाच्या झगमगाटात उठून दिसण्यासाठी असतो. घरात 'स्टँडर्ड', 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' निवडा.

• बॅकलाइट : दिवसा खिडकी उघडी असेल तर जास्त, रात्री कमी. एलईडी टीव्हीत सर्वाधिक वीज बॅकलाइटच खातो. तो कमी केला की डोळ्यांनाही बरं आणि बिलालाही.

• ब्राइटनेस : हा अंधाऱ्या भागासाठी असतो. रात्रीचा प्रसंग लावा. काळे केस आणि मागचा अंधार वेगळे दिसेपर्यंत वाढवा. काळा रंग राखाडी दिसू लागला की थोडा मागे या.

• कॉन्ट्रास्ट : पांढऱ्या सदऱ्याच्या घड्या दिसल्या पाहिजेत. नुसता पांढरा ठप्पा दिसत असेल तर कमी करा.

• कलर : चेहरा बघून ठरवा. कपाळाचं कुंकू लाल दिसावं, कपाळ नव्हे. चित्र निळसर वाटत असेल तर 'कलर टेंपरेचर' एक पायरी 'वॉर्म'कडे न्या.

• शार्पनेस : वाढवलं की चित्र स्पष्ट होतं, हा गैरसमज आहे. अक्षरांभोवती पांढरी कड दिसत असेल तर ती जाईपर्यंत कमी करा.

• नॉइज रिडक्शन : एचडी वाहिनीवर बंद, साध्या वाहिनीवर 'लो'.

• मोशन : मालिका-सिनेमासाठी बंद ठेवा. जामठ्याची मॅच बघताना थोडं चालू ठेवायला हरकत नाही.

अनेक टीव्हींत प्रत्येक सोर्सचं सेटिंग वेगळं साठवलं जातं. म्हणून हे सगळं डब्याच्या एचडीएमआय सोर्सवर असतानाच करा.

चौकोन पडतात, चित्र अडकतं?

हा रंगाचा नव्हे, सिग्नलचा प्रश्न आहे. जुन्या केबलमध्ये सिग्नल कमी झाला की मुंग्या दिसायच्या. डिजिटलमध्ये तसं नसतं. सिग्नल ठराविक पातळीपर्यंत चित्र स्वच्छ राहतं, त्याखाली गेला की चौकोन पडतात, नाहीतर पडदाच काळा होतो. सेटिंग कितीही फिरवलं तरी उपयोग नाही.

डब्यामागची गोल पिन घट्ट आहे का, ती गंजली आहे का, वायर कुठे दुमडली किंवा उंदराने कुरतडली आहे का, हे पाहा. एका वायरवर दोन टीव्ही चालवायला लावलेला स्प्लिटर सिग्नल जवळपास निम्म्यावर आणतो. दुसरा टीव्ही वापरात नसेल तर तो काढून टाका. डब्याच्या मेन्यूत सिग्नलची 'स्ट्रेंथ' आणि 'क्वालिटी' दिसते, तिचा फोटो केबलवाल्याला दाखवा. खांबावरच्या वायरला मात्र स्वतः हात लावू नका, शेजारून विजेची तार गेलेली असते. वीज कडाडत असेल तर टीव्ही आणि डब्याचा प्लग काढा, केबलची पिनही सोडवा. हे वादळ येण्याआधीच केलेलं बरं.

पैसे भरताना

डबा साधा असेल तर एचडी पॅकचे पैसे देऊ नका. डबा एचडी असेल तर बिलात कोणत्या एचडी वाहिन्या आहेत ते विचारा आणि भरलेल्या पैशांची पावती घ्या. केबलवाला दाद देत नसेल तर आधी केबल कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर तक्रार करून तक्रार क्रमांक घ्या. तरीही काम झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

नवा टीव्ही घ्यायला निघालेल्यांनीही दुकानात जाण्याआधी घरचा डबा बघून घ्यावा. डबा साधाच असेल आणि तोच ठेवायचा असेल, तर पडदा जितका मोठा घ्याल तितकं केबलचं चित्र जास्त फाटेल.