मुद्रित ग्रंथाचा वाचक आणि ई-वाचक यंत्र : एक विवेचन

प्रस्तावना

मुद्रित ग्रंथावर ज्याचा जीव आहे असा वाचक ई-वाचक यंत्र हाती घेतो, तेव्हा त्याचा पहिला आक्षेप भावनिक असतो : कागदाचा स्पर्श नाही, गंध नाही. हा आक्षेप खरा असला तरी निर्णायक नाही. अध्यापकाच्या दृष्टीने महत्त्वाचे प्रश्न वेगळे आहेत. या यंत्रावर डोळ्यांना त्रास न होता वाचता येते काय? वाचलेले स्मरणात राहते काय? मराठी मजकूर त्यावर नीट उमटतो काय? आणि विकत घेतलेले पुस्तक आपले राहते काय? प्रस्तुत लेखात या चार प्रश्नांचा थोडक्यात विचार केला आहे.

ई-शाईचे तंत्र

संगणकाचा पडदा स्वतः प्रकाश फेकतो. ई-शाईचा पडदा कागदाप्रमाणे बाहेरचा प्रकाश परावर्तित करतो. त्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीतील द्रवात धनभारित पांढरे आणि ऋणभारित काळे कण तरंगत असतात. विद्युत्क्षेत्राच्या दिशेनुसार यांपैकी एका रंगाचे कण वर येतात व अक्षर उमटते. उमटलेले पान टिकवण्यासाठी वीज लागत नाही. ती पान बदलताना लागते. पडदा बाहेरचा प्रकाश परावर्तित करतो, म्हणून भर उन्हातही मजकूर स्पष्ट दिसतो. हे तंत्र वापरणारे सोनीचे यंत्र 2004 मध्ये जपानमध्ये आले, तर ॲमेझॉनचे किंडल नोव्हेंबर 2007 मध्ये अमेरिकेत विक्रीस आले.

आकलन आणि स्मरण

ॲन मँगेन व सहकाऱ्यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 50 वाचकांनी 28 पृष्ठांची एक रहस्यकथा वाचली. निम्म्यांनी मुद्रित पुस्तकात आणि निम्म्यांनी किंडलवर. बहुतेक कसोट्यांवर दोन्ही गट सारखे ठरले. मात्र घटनांचा कालक्रम सांगण्यात मुद्रित पुस्तकाचे वाचक सरस ठरले. याचे संभाव्य कारण असे, की डाव्या हातात वाढत जाणारी आणि उजव्या हातात कमी होणारी पाने वाचकाला ग्रंथातील आपले स्थान सतत सांगत असतात. यंत्रावर प्रत्येक पान एकाच जाडीचे असते. ‘तो उतारा डाव्या पानावर, खालच्या बाजूस होता’ ही ग्रंथप्रेमीची खूण तेथे निरुपयोगी ठरते, कारण अक्षराचा आकार बदलताच पानेही बदलतात. अर्थात नेमका शब्द क्षणात शोधून देण्याची यंत्राची शक्ती मुद्रित ग्रंथाला नाही.

मराठी मजकुराची अडचण

ॲमेझॉनने मराठीसह पाच भारतीय भाषांतील किंडल पुस्तके 2016 च्या डिसेंबरमध्ये उपलब्ध केली. तथापि संगणकावर जुळवलेली अनेक जुनी मराठी पुस्तके युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहेत. त्या फाँटचे रूपांतर केल्याशिवाय देवनागरीऐवजी निरर्थक चिन्हांची गर्दी दिसते. छायाप्रतीच्या स्वरूपातील ग्रंथ सहा इंची पडद्यावर बारीक दिसतात. ते मोठे केले की प्रत्येक ओळ आडवी सरकवावी लागते. फाँट हिंदीच्या वळणाचा असल्यास ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी रूपे मिळत नाहीत. ‘दुसऱ्या’मधील अर्धा र नीट उमटतो की नाही, हे पाहणे ही यंत्राची सोपी परीक्षा होय.

मालकीचा प्रश्न

मुद्रित ग्रंथ विकत घेणारा त्या प्रतीचा मालक होतो. ती प्रत तो विद्यार्थ्याला देऊ शकतो, ग्रंथालयाला भेट देऊ शकतो. ई-पुस्तकाचा ग्राहक बहुधा वाचनाचा परवाना घेतो. जुलै 2009 मध्ये विक्रेत्याकडे हक्क नसल्याचे आढळल्यावर ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन कादंबऱ्या ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतल्या. पैसे परत मिळाले. पण एका विद्यार्थ्याने त्या मजकुरावर केलेली टिपणे निराधार झाली. कंपनीने पुढे क्षमा मागितली. फेब्रुवारी 2025 मध्ये याच कंपनीने खरेदी केलेली किंडल पुस्तके संगणकावर उतरवून घेण्याची सोय बंद केली.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की ई-वाचक यंत्र हे मुद्रित ग्रंथाचे वैरी नव्हे आणि वारसही नव्हे. प्रवासातील वाचन, मोठ्या अक्षरांची गरज आणि हक्कमुक्त अभिजात ग्रंथ यांसाठी ते उपयुक्त आहे. ज्या ग्रंथावर वर्षानुवर्षे अध्यापन करावयाचे, ज्याच्या समासात टिपणे साठत जावयाची आणि जो पुढील पिढीच्या हाती द्यावयाचा, त्याची मुद्रित प्रतच संग्रही असावी. महाविद्यालयीन ग्रंथालयांनीही ई-पुस्तकांवर खर्च करताना आपण ग्रंथ घेत आहोत की केवळ प्रवेशाचा परवाना, हे आधी तपासून पाहणे हिताचे ठरेल.