तबकडीखालचे पाय

मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी लाँग प्ले तबकडी वाजत असताना तिच्या खाचेतून सरकणारी सुई मिलिमीटरच्या हजारांशांत मोजावी लागणारी हालचाल टिपते आणि तिचे विद्युत्संकेतात रूपांतर घडवून आणते. मात्र ही हालचाल ध्वनिमुद्रणातून आली की टेबलाला बसलेल्या धक्क्यातून, हे ओळखण्याचे साधन तिच्यापाशी नसते. सुई जिच्यात बसवलेली असते त्या नेहमीच्या चुंबकी काट्रिजमधून निघणारा संकेत जेमतेम 5 मिलिव्होल्टचा असल्याने तो कित्येक पटींनी वाढवावा लागतो. त्यातही, 1954 मध्ये ठरलेल्या आरआयएए या मानकानुसार तबकडी कोरताना मंद्र स्वर मुद्दाम दाबलेले असतात आणि वाजवताना ते पुन्हा उचलले जातात. 1,000 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला हजार कंपनांच्या स्वराशी तुलना करता 20 हर्ट्झचा संकेत यात सुमारे नऊ पटींनी अधिक वाढतो. जमिनीतून येणारे हादरे बहुतांशी याच खालच्या पट्ट्यातले असल्याने सर्वाधिक वाढ नेमकी त्यांच्याच वाट्याला येते.

हादऱ्यांचा दुसरा उगम खोलीतच असतो. स्पीकरमधून निघालेला खर्जाचा आवाज हवेतून आणि फरशीतून टर्नटेबलपर्यंत पोहोचतो, सुई तो उचलते, ॲम्प्लिफायर तो वाढवून पुन्हा स्पीकरकडे धाडतो, आणि हे चक्र आवरले गेले नाही तर तबला किंवा डग्ग्याचे बोल गढूळ होऊ लागतात व आवाज फार चढवल्यास यंत्रणा स्वतःच घुमू लागते. यावर अमेरिकेतील एडगर व्हिलचर यांनी 1961 च्या सुमारास बाजारात आलेल्या ‘एआर’ टर्नटेबलमध्ये योजलेला उपाय आजही मूलभूत मानला जातो: तबकडीची थाळी आणि सुईचा दांडा एकाच चौकटीवर बसवून ती चौकट स्प्रिंगांवर तोलायची, आणि मोटर मात्र वेगळी ठेवायची, म्हणजे जो काही हादरा पोहोचेल तो थाळी व सुई यांना एकत्रच हलवेल. ज्या यंत्रांत अशी सोय आतून नसते, त्यांच्या खाली रबर, सॉर्बोथेनसारखे चिवट बहुवारिक किंवा स्प्रिंग यांचे पाय बसवून तेच काम बाहेरून साधण्याचा प्रयत्न केला जातो.

असा पाय सगळेच कंपन गिळून टाकतो हा समज मात्र बरोबर नाही. मऊ आधारावर ठेवलेल्या प्रत्येक वस्तूची वरखाली डोलण्याची एक स्वतःची गती, म्हणजे नैसर्गिक वारंवारता, ठरलेली असते. तिच्या सुमारे 1.4 पटींहून जलद कंपने पायाशी अडू लागतात, तिच्याहून बरीच मंद कंपने जशीच्या तशी वर जातात, आणि तिच्याशी जुळणारी कंपने तर झोपाळ्याला ठेक्यात दिलेल्या झोक्यांप्रमाणे वाढतच जातात. ही वाढ काबूत ठेवण्यासाठी हालचालीची ऊर्जा उष्णतेत जिरवणारा गुणधर्म, म्हणजे अवमंदन, लागतो, आणि सॉर्बोथेनचे महत्त्व तेथेच आहे. साध्या स्प्रिंगच्या बाबतीत ही वारंवारता, ती वजनाखाली किती दबते यावरून काढता येते: 1 मिलिमीटर दबल्यास सुमारे 16 हर्ट्झ, 4 मिलिमीटर दबल्यास 8, आणि 1 सेंटिमीटर दबल्यास 5. सुईचा दांडा आणि काट्रिज यांची जोडीही साधारणपणे 8 ते 12 हर्ट्झला डोलते, त्यामुळे 4 मिलिमीटर दबणारी, दिसायला छान मऊ अशी स्प्रिंग प्रत्यक्षात अगदी चुकीच्या जागी अनुनाद निर्माण करू शकते. रबर जलद कंपनांना अधिक ताठ भासत असल्याने त्याचा हिशेब याहूनही प्रतिकूल निघतो.

म्हणून पाय निवडताना यंत्राचे वजन ही पहिली गोष्ट पाहायची असते, किंमत नव्हे. 10 किलोच्या यंत्राखालच्या चार पायांवर सरासरी अडीच किलो भार येत असला तरी मोटर किंवा ट्रान्सफॉर्मर एका बाजूला असेल तर तो समान वाटला जात नाही. प्रमाणाबाहेर भार आलेला पाय पुरता चेपून निकामी होतो, फार कमी भार आलेला दगडासारखा वागतो, आणि थाळी पाणसळीत राहत नाही ती वेगळीच.

सीडी प्लेयर, ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर, डिजिटल संकेत वाचणारे डीएसी यांच्याखाली हेच पाय महागड्या दरात विकले जातात, तेव्हा संशयाला भरपूर जागा उरते. सीडीवरील माहिती अंकांच्या स्वरूपात असून तिच्यातील किरकोळ चुका दुरुस्त करण्याची व्यवस्था तिच्यातच अंतर्भूत असते, तर ट्रान्झिस्टरमध्ये हलणारा भागच नसतो. अपवाद आहे तो काचेच्या व्हॉल्व्हचा, कारण त्याच्या आतल्या नाजूक जाळ्या थरथरल्या की तो काहीसा मायक्रोफोनसारखा वागू लागतो. स्पीकरखालचे अणकुचीदार खिळे तर रोधकच नव्हेत. ते स्पीकरला जमिनीशी घट्ट जखडतात.

जमिनीचा प्रकारही निर्णायक ठरतो. काँक्रीटच्या स्लॅबवर पावलांचा उपद्रव सहसा कमी असतो, पण जुन्या चाळीतील किंवा वाड्यातील लाकडी तुळयांच्या मजल्यावर चालताना जमीनच सावकाश लवते, आणि सेकंदाला साधारण दोनदा पडणाऱ्या पावलांची ही संथ हालचाल कोणताही मऊ पाय अडवू शकत नाही, उलट 3-4 हर्ट्झची स्प्रिंग ती वाढवते. तेथे जाडजूड भिंतीत ठोकलेली भक्कम फळी हाच उत्तम उपाय होय. पाय विकत घेण्यापूर्वी थांबलेल्या तबकडीवर सुई टेकवून, आवाज बेताने वाढवत, टर्नटेबलजवळचे टेबल बोटाने हलकेच ठोकून पाहता येते. स्पीकरमधून त्या ठोक्याचा दणका ऐकू आला नाही, तर पायांवर खर्च करण्याचे कारण उरत नाही.