कॉलेजच्या आधी एक वर्ष परदेशी

बारावीचा निकाल हाती पडला की नातेवाइकांचे फोन सुरू होतात. टक्के किती? मेडिकल की इंजिनीअरिंग? अशा वेळी घरातल्या मुलीने "मी यंदा कॉलेजला जाणार नाही, एक वर्ष परदेशी राहून येणार" असे जाहीर केले, तर काय होईल याची कल्पना करणे कठीण नाही. वडील हातातले वर्तमानपत्र खाली ठेवतील, आई मुलीच्या तोंडाकडे पाहत राहील आणि आजी हळूच विचारील, "नापास झाली का गं ही?"

आजीचा यात दोष नाही. आपल्याकडे ‘वर्ष गेले’ हे शब्द नापासांसाठीच राखून ठेवलेले आहेत. गंमत अशी, की हीच घरे बारावीनंतर मुलाला एक वर्ष कोट्याला पाठवताना कचरत नाहीत. लाखभर रुपयांचे क्लास, खानावळीचे जेवण, एकट्याची खोली, सारे काही मान्य असते, कारण त्या वर्षाला ‘ड्रॉप’ म्हणतात आणि पुढे परीक्षा असते. जगाची ओळख करून घेण्यासाठी घेतलेले वर्ष मात्र वाया गेलेले ठरते. खरे तर दोन्हींचा हिशेब एकाच वहीत मांडायला हवा.

ही प्रथा आली कुठून?

इंग्लंडमध्ये १९५८ साली अ‍ॅलेक डिक्सन आणि त्यांची पत्नी मोरा यांनी नुकतीच शाळा संपवलेली मुले वर्षभर परदेशी सेवेसाठी पाठवायला सुरुवात केली. त्यातूनच व्हीएसओ ही संस्था उभी राहिली. पुढे तिने शिकलेले, अनुभवी स्वयंसेवक पाठवायला सुरुवात केली, पण शाळा आणि विद्यापीठ यांच्यामधले मोकळे वर्ष तिथल्या मध्यमवर्गात रुजले. राजपुत्र विल्यम यांनी २००० साली अशा वर्षात चिलीमध्ये स्वयंसेवकाचे काम केले. अमेरिकेत २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षांची मोठी मुलगी मालिया ओबामा हार्वर्डला जाण्याआधी एक वर्ष थांबली आणि बोलिव्हिया व पेरू या देशांत राहून आली, तेव्हा ही कल्पना आपल्याही वर्तमानपत्रांत पोहोचली.

तिथल्या मुलांना हे सोपे जाते, त्याला एक साधे कारण आहे. त्यांची जागा राखून ठेवली जाते. प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांनी असे वर्ष घेण्याचा विचार करावा, असे हार्वर्ड स्वतःच सुचवते. प्रिन्स्टन विद्यापीठाने तर २००९ पासून नव्या विद्यार्थ्यांपैकी काहींना विनाशुल्क नऊ महिने परदेशी पाठवायला सुरुवात केली आणि पहिल्या ठिकाणांत आपली वाराणसीही होती. म्हणजे अमेरिकन मुले शिकण्यासाठी आपल्या गंगेच्या घाटावर येतात आणि आपल्या मुलांना मात्र आपण गल्लीबाहेर सोडायला तयार नसतो!

सगळ्या देशांना हे पटले असेही नाही. डेन्मार्कमध्ये मुलांनी लवकर विद्यापीठात यावे म्हणून, शाळा सुटल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज करणाऱ्यांचे सरासरी गुण १.०८ ने गुणण्याचा नियम २००९ मध्ये आला. २०२० पासून तो रद्द झाला. त्याच देशात १८४४ पासून लोकशाळा आहेत. तिथे परीक्षा नाही, गुणपत्रिका नाही. मुले वसतिगृहात एकत्र राहतात, स्वयंपाक आणि साफसफाईला हात लावतात, संगीत, सुतारकाम किंवा राज्यशास्त्र शिकतात. हेलसिंगोर येथील १९२१ साली स्थापन झालेल्या अशा एका शाळेत तर देशोदेशीची मुले येतात आणि शिकवणे इंग्रजीत असते.

आपल्या मुलांची अडचण

इथे मात्र भावनेच्या भरात निर्णय घेऊन चालणार नाही. भारतातील बहुतेक कॉलेजे मिळालेली जागा वर्षभर धरून ठेवत नाहीत. जेईई मेन ही परीक्षा बारावीचे वर्ष धरून तीन वर्षांपर्यंतच देता येते आणि जेईई अ‍ॅडव्हान्स्ड सलग दोन वर्षांत दोनदाच. त्यामुळे आयआयटीचे स्वप्न पाहणाऱ्याला हे वर्ष महाग पडू शकते. नीटला कमाल वयाची अट २०२२ मध्ये काढली गेली, पण वर्षभर पुस्तक मिटून ठेवल्यावर जीवशास्त्र पुन्हा हाती घेणे किती जणांना जमते? कला, वाणिज्य, भाषा, डिझाइन किंवा परदेशी विद्यापीठ अशा वाटेने जाणाऱ्यांना मात्र फारसा तोटा नाही. इथल्या प्रवेशाच्या वेळी खंडाचे कारण सांगणारे प्रतिज्ञापत्र, म्हणजे ‘गॅप सर्टिफिकेट’, मागतात. ते मिळवणे अवघड नसते.

दुसरा प्रश्न पैशाचा. इंटरनेटवर ‘स्वयंसेवा सहली’ विकणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती भरपूर दिसतात. दोन-चार आठवडे अनाथाश्रमात मुलांशी खेळा आणि त्यासाठी जबर शुल्क भरा, असा हा व्यवहार असतो. यापासून दूर राहणेच शहाणपणाचे. कंबोडियातील अनाथाश्रमांच्या २०११ च्या पाहणीत दिसले, की तिथल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांच्या आईवडिलांपैकी निदान एक जण हयात होता. पाहुण्यांच्या पैशासाठी गरिबांची मुले घरापासून तोडली जात असतील, तर ती सेवा कसली?

खिशाला झेपणारे मार्गही आहेत. रोटरीच्या युवा देवाणघेवाण योजनेत १५ ते १९ वयोगटातील मुले वर्षभर परदेशी कुटुंबांत राहतात आणि तिथल्या शाळेत जातात. तिकीट, विमा, व्हिसा यांचा खर्च पालकांचा, राहणे-जेवणे यजमानांकडे. जर्मनीत २०११ साली सक्तीची लष्करी सेवा थांबली, तेव्हा संघीय स्वयंसेवा योजना सुरू झाली. तीत परदेशी तरुणांनाही वृद्धाश्रम, रुग्णालय, बालवाडी अशा ठिकाणी काम करता येते आणि हातखर्च मिळतो. तिथेच ‘ओ पेअर’ म्हणून १८ ते २६ वर्षांची मुले-मुली एखाद्या कुटुंबात राहून त्यांची लहान मुले सांभाळतात. राहणे, जेवण, महिन्याला २८० यूरो हातखर्च आणि भाषेच्या वर्गासाठी थोडी मदत मिळते. काम आठवड्याला ३० तासांपेक्षा जास्त नाही, हा नियम.

नियम कागदावर असतो, हे आईवडिलांनी लक्षात ठेवावे. घरकामाची बाई ठेवण्याऐवजी स्वस्तात परदेशी मुलगी बोलावणारे यजमानही भेटू शकतात. म्हणून करार लेखी हवा, सुट्टीचा दिवस त्यात लिहिलेला हवा, आणि आधी राहून गेलेल्या मुलीशी फोनवर बोलणे झालेले हवे. परतीच्या तिकिटाइतके पैसे मुलीच्या स्वतःच्या खात्यात असावेत, म्हणजे पटले नाही तर कोणाची परवानगी न मागता ती घरी येऊ शकेल.

मुलाला सहज पाठवणारे घर मुलीच्या बाबतीत मात्र अडून बसते. "लोक काय म्हणतील, पुढे स्थळ येईल तेव्हा काय सांगायचे?" असे विचारणाऱ्या आईने शेजारच्या मुलीचे लग्न करून तिला व्हिसावर थेट न्यू जर्सीला पाठवताना आनंदाने अक्षता टाकलेल्या असतात. नवऱ्याबरोबर अनोळखी देशात जाणारी बावीस वर्षांची मुलगी सुरक्षित आणि स्वतःच्या बळावर जाणारी अठरा वर्षांची असुरक्षित, हे गणित तपासून पाहायलाच हवे.

अर्थात प्रत्येक मुलाने जावेच असे नाही. ज्याला केवळ अभ्यास टाळायचा आहे, तो म्युनिकमध्येही दुपारपर्यंत झोपेल. त्याला आधी घरातच एक महिना स्वतःचे कपडे धुवायला, स्वतःचा डबा करायला आणि खर्चाची वही लिहायला सांगावे. कुठे जाणार, कोणाकडे राहणार, काय शिकणार आणि परत आल्यावर कोणता फॉर्म भरणार, हे त्याने एका पानावर स्वतः लिहून द्यावे. पान कोरे राहिले तर आईवडिलांना वेगळे उत्तर द्यायची गरज पडत नाही.

ज्याचे पान भरले, त्याने अकरावीतच तयारीला लागावे. ओ पेअरच्या व्हिसासाठी जर्मन भाषेची निदान ए-वन पातळी लागते, तिचे वर्ग पुणे आणि मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात चालतात. पासपोर्ट लहानपणी काढलेला असेल तर त्यावरची तारीख आजच पाहावी. अज्ञान मुलांचा पासपोर्ट साधारणपणे पाच वर्षांचा किंवा अठराव्या वाढदिवसापर्यंतचाच असतो आणि नेमका तो बारावीच्या सुमारास संपतो.