कप्तान व्हिटसनची करवत

उष्ण कटिबंधात शिरल्यावर न्यूझीलंडहून निघालेल्या 'डनेडिन' जहाजावरच्या लोकांच्या लक्षात आलं, की यंत्र चालू आहे, गार हवाही सुटते आहे, पण ती मालाच्या कप्प्यात सगळीकडे फिरत नाही. कप्प्यात मेंढ्या-कोकरांची जवळजवळ पाच हजार सोललेली धडं होती आणि लंडन अजून कित्येक आठवडे लांब होतं.

न्यूझीलंडमध्ये तेव्हा माणसांपेक्षा मेंढ्या कितीतरी जास्त. लोकर विलायतेला जायची. एवढं मांस मात्र खाणार कोण? चरबी कढवून घ्यायची, उरलेलं टाकून द्यायचं. ही नासाडी विल्यम डेव्हिडसन या जमीन कंपनीच्या व्यवस्थापकाला खुपत होती. १८८० मध्ये 'स्ट्रॅथलेव्हन' आगबोटीनं ऑस्ट्रेलियाचं गोठवलेलं मांस लंडनला सुखरूप पोचवलं होतं. डेव्हिडसननं मग 'डनेडिन'वर बेल-कोलमन यंत्र बसवून घेतलं. हवा दाबायची, दाबल्यानं तापलेली ती हवा निववायची आणि मग एकदम पसरू द्यायची, की ती गारठते. सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो, त्याच्या नेमकं उलट.

'डनेडिन' मात्र शिडाचं जहाज. यंत्राच्या धुरांड्यातून ठिणग्या उडायच्या आणि वर कापडी शिडं! त्यात सुरुवातच अपशकुनी. डिसेंबर १८८१ मध्ये माल भरत असतानाच यंत्राचा क्रँकशाफ्ट मोडला. भरलेलं मांस उतरवून तिथंच विकावं लागलं. दुरुस्ती होऊन १५ फेब्रुवारी १८८२ ला जहाजानं पोर्ट चामर्स बंदर सोडलं.

आणि आता गार हवा न फिरण्याचं हे संकट. थंडी तयार करणारं हे यंत्र शोधणारी डोकी ग्लासगोत होती. ती थंडी कोपऱ्या-कोपऱ्यात पोचवायचं काम भर समुद्रात कप्तान जॉन व्हिटसनच्या गळ्यात पडलं. तो करवत घेऊन हवेच्या मुख्य नळीत सरपटत शिरला आणि जादा भोकं पाडू लागला. नळीतल्या गारठ्यानं त्याचं अंग इतकं बधिर झालं, की त्याला हलताच येईना. खलाशांनी दोर लावून त्याला बाहेर ओढलं आणि शुद्धीवर आणलं. कप्तानानं स्वतः जाण्याऐवजी एखाद्या खलाशाला पाठवायला हवं होतं, असं मला वाटतं. पण हवा फिरू लागली, हे खरं.

९८ दिवसांनी जहाज लंडनला लागलं. एवढ्या मालातून एकच धड फेकावं लागलं. बाकीचं विकून खर्च वजा जाता नफा उरला आणि न्यूझीलंडचे शेतकरी मांसासाठीही मेंढ्या पोसू लागले.