सही न तपासताच ‘ठीक’

फेब्रुवारी २०१४ मध्ये अ‍ॅपलनं आयफोनसाठी आयओएस ७.०.६ ही अपडेट दिली. दुरुस्ती होती ती एका ओळीची.

सुरक्षित कनेक्शन जोडताना फोन समोरच्या सर्व्हरची डिजिटल सही पडताळतो. हे काम करणाऱ्या फंक्शनमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ लागोपाठ दोनदा आली होती. पहिली वरच्या ‘इफ’च्या अटीला बांधलेली, दुसरीला अटच नाही. त्यामुळे प्रोग्रॅम तिथूनच थेट शेवटाकडे उडी मारायचा आणि सही पडताळण्याची पायरी मधल्या मध्ये राहून जायची. तोवर एकही चूक नोंदलेली नसल्यानं निकाल यायचा, सगळं ठीक! त्याच वायफायवरचा एखादा भामटा बँकेचा सर्व्हर म्हणून पुढे आला, तरी फोन फसू शकत होता.

खरी सही आली की हेच फंक्शन योग्य उत्तर द्यायचं, म्हणून रोजच्या वापरात कुणाला शंका येणं कठीण होतं. मुद्दाम खोटी सही पुढे करून फंक्शन नकार देतं का, हे पाहणंच गरजेचं होतं. एकेका फंक्शनला असा नेमका प्रश्न विचारणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे युनिट टेस्ट. माझ्या मते नकाराच्या टेस्ट आधी लिहायला हव्यात. प्रत्यक्षात त्याच राहून जातात.

जावासाठी अशा टेस्ट लिहिण्याची चौकट, ‘जेयुनिट’, केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात लिहायला घेतली. पण टेस्ट नुसत्या लिहून भागत नाही. डेडलाइन जवळ आली की त्या चालवायच्या राहतात. म्हणून ते काम कंटिन्युअस इंटिग्रेशनच्या पाइपलाइनकडे सोपवतात. प्रोग्रॅमरनं बदल पाठवला की सर्व्हर कोऱ्या मशीनवर कोड पहिल्यापासून बिल्ड करतो आणि सगळ्या टेस्ट चालवतो. एक जरी फेल झाली तरी लाल खूण येते आणि बदल मुख्य शाखेत घेतला जात नाही. मशीन कोरं असल्यामुळे ‘माझ्याकडे तर चालतंय’ ही सबब उरत नाही.

काही टेस्ट मात्र कारण नसताना कधी पास, कधी फेल होतात. त्या फार घातक. लाल दिसलं की पुन्हा चालवून बघायची सवय टीमला लागते आणि खरं अपयशही त्यात वाहून जातं. अशी टेस्ट त्याच दिवशी दुरुस्त करावी, नाहीतर पाइपलाइनमधून बाहेर काढावी.